तुरीच्या हिश्श्याचं पाणी

पोळ्यानंतर पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. नवरात्रात दोन दिवस आभाळ भरून आलं, गडगडलं, अल्लीपूरच्या बायांनी अंगणातली वाळवणं उचलून आत नेली, आणि थेंबही न पडता आभाळ मोकळं झालं. वाळवणं उचलायची मेहनत तेवढी फुकट गेली. सोयाबीन कसंबसं निघालं. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं लहान राहिली आणि उन्हानं वेळेआधीच उकलली. आता जो काही भरवसा होता तो तुरीवर. आणि तुरीचा नखरा सगळ्यांना ठाऊक आहे. फुलावर असताना पाणी मिळालं तर मिळालं, नाहीतर सगळा फुलोरा बुडाशी झाडून मोकळी होते.

बरं, पाणी नव्हतं असंही नाही. महादेवराव आणि वासुदेवराव या दोघा भावांच्या वावरांच्या मधल्या धुऱ्यावर शेततळं होतं. प्लास्टिकची काळी पन्नी अंथरलेलं, तारेचं कुंपण घातलेलं. पावसाळ्यात ते काठोकाठ भरलं होतं. अर्धं पाणी थोरल्याचं, अर्धं धाकट्याचं, असा तळं खोदतानाच ठराव झालेला. थोरल्यानं दसऱ्यापासून आपला वाटा उपसायला घेतला. धाकट्यानं मोटरीच्या बटणाला बोटही लावलं नाही. का, तर त्याच्या हिश्श्याच्या पाण्यात त्याची पोरगी पोहत होती.

ज्यानं हे ऐकलं तो आधी हसला. मग पोरगी कोण हे आठवलं की गप्प बसला.

रक्षा जन्मली तेव्हा तिचा डावा हात कोपराच्या खाली नव्हताच, आणि डावा पाय गुडघ्यापासून आखूड. सुईणीनं लेकरू कापडात गुंडाळून दिलं आणि हात पुढे न करता, बोळवणही न मागता निघून गेली. वासुदेवरावानं मात्र पोरीला खांद्यावरून खाली म्हणून ठेवली नाही. ती आठ-नऊ वर्षांची असताना त्यानं तिच्या पाठीला वाळका भोपळा बांधला, कमरेला चऱ्हाट बांधलं आणि विहिरीत सोडली. त्याची आई काठावर उभी राहून छाती पिटत होती. पोरगी एकदा बुडाली, दोनदा बुडाली, तिसऱ्यांदा वर आली ती हसतच. जमिनीवर जी चार पावलं टाकताना कुणाचा तरी खांदा धरायची, ती पाण्यात कुणाचंच काही धरत नव्हती. वासुदेवरावानं त्या दिवशी चऱ्हाट हातात धरून जे रडून घेतलं, तेवढं तो पुन्हा कधी रडला नाही.

पुढचं सगळं गावाला पाठ आहे. शाळेच्या मास्तरांनी तिला जिल्ह्याला नेलं, तिथून ती नागपूरला गेली, मग देशभर, मग देशाबाहेर. एकदा तर थेट पॅरालिम्पिकला जाऊन आली. पहिल्याच फेरीत बाद झाली, पण गेली होती ना! गावानं ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली, चौकात तिचा भला मोठा फ्लेक्स लागला. दोन वर्षांनी तोच फ्लेक्स वासुदेवरावानं मागून आणला आणि ओसरीतल्या कापसावर झाकायला घेतला. चांगला जाड होता.

आता रक्षा एकोणतीस वर्षांची झाली होती. नागपूरचा पोहण्याचा तलाव दुरुस्तीसाठी बंद पडला, आणि तिचे सर नव्या पोरींच्या मागे लागले. पुण्याला निवड चाचणी होती. त्यात आली तर पुन्हा देशाच्या संघात, शिबिरात, विमानात. नाही आली तर संपलं, कारण तिच्या गटात आता सोळा-सतरा वर्षांच्या पोरी आल्या होत्या. म्हणून ती तयारीला घरी आली.

"तलाव बंद हाये तं काय झालं," वासुदेवराव म्हणाला होता. "आपल्या घरचा हाये ना तलाव!"

आणि त्यानं थोरल्याच्या ओसरीत जाऊन सांगून टाकलं, "दादा, तुमच्या हिश्श्याचं पाणी तुम्ही घ्या. माह्या हिश्श्याचं मी नाई काढत. ट्रायल होऊ दे."

महादेवराव सुपारी कातरत होता. त्यानं अडकित्ता खाली ठेवला. "वासुदेव, तूर फुलावर हाये बाप्पा."

"हाये तं असू दे. तूर पुढच्या सालीही पेरता येते."

"तुले पटते तं मले काय," थोरला म्हणाला.

हे सगळं बोलणं झालं तेव्हा रक्षा स्वयंपाकघरात मायजवळ बसून लसूण सोलत होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि तिच्या मायला, जयवंतालाही नाही.

रोज सकाळी तिघं वावरात निघायची. पुढे वासुदेवराव, मागे पाय टाकत रक्षा, तिच्या मागे डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेतलेली जयवंता. तळ्याच्या काठावर रक्षा बसायची आणि खोटा पाय काढून मायच्या हाती द्यायची. जयवंता तो बाभळीच्या सावलीत ठेवायची, कारण उन्हात ठेवला तर असा तापायचा की परत घालताना पोरगी ओठ दाबायची. मग जयवंता ओटी बांधून कापूस वेचायला जायची. बोंडांच्या सुकलेल्या टोकांनी तिच्या नखांच्या बाजूचं कातडं उलून निघालेलं असायचं. बोलायची काही नाही. फार तर जाताना तुरीचं एखादं पिवळं फूल जमिनीवरून उचलून हातावर ठेवून पाहायची, आणि वासुदेवरावाला दिसेल असं खाली टाकायची.

वासुदेवरावानं तळ्यात पोहायची वाट बांधली होती. जुन्या ठिबकची नळी पाण्यावर तरंगत सोडलेली, दोन्ही टोकांना खताच्या थैलीत रेती भरून, त्या थैल्या पन्नीवर पाण्याच्या काठाशी टेकवलेल्या. थैल्यांची दोरी वर काठावरच्या खुंट्याला. नळीच्या बाजूनं रक्षानं या थैलीपासून त्या थैलीपर्यंत जायचं आणि परत यायचं. अशा ठरलेल्या फेऱ्या झाल्या की काठावर उकिडवा बसलेला वासुदेवराव मोबाईलमधलं घड्याळ बंद करायचा, आकडा दोनदा वाचायचा आणि ओरडून सांगायचा.

पहिल्या आठवड्यात आकडा वाईटच होता. रक्षाचा उजवा खांदा दुखत होता. एकाच हातानं वीस वर्षं पाणी ओढलेलं, तो खांदा आता रात्री कुशीवर झोपू देत नव्हता. जयवंता मोहाचं तेल कोमट करून चोळायची. चोळताना खांद्यात काहीतरी कटकट वाजायचं, दोघींनाही ऐकू यायचं.

दुसऱ्या आठवड्यात मात्र आकडा उतरू लागला.

"अव, तीन सेकंद कमी!" वासुदेवराव काठावर उभा राहून नाचायचाच बाकी. "काय खाल्लं व काल?"

"काल तं वरण-भातच होता," रक्षा धापा टाकत म्हणाली.

"मंग रोज वरण-भातच खाजो!"

तिकडे महादेवरावाची मोटर सकाळी विजेची लाईन आली की चालू व्हायची. पाणी रोज थोडं थोडं उतरत होतं. वासुदेवराव दोन-तीन दिवसांनी खुंट्याच्या दोऱ्या सैल करायचा आणि थैल्या पाण्याच्या काठापर्यंत खाली सरकवायचा. नळी ढिली पडून पाण्यावर सापासारखी वाकडी व्हायची. मग तो टोकाशी ती दुमडायचा, तारेनं आवळायचा, की वाट पुन्हा सरळ.

"ऊन पाह्य किती हाये," तो म्हणायचा. "उन्हानं नळी वाढते. ठिबकवाल्याले विचार. दुपारी वाढते, राती आखडते."

हे काही खोटं नव्हतं. काळी नळी उन्हात लांबते हे ठिबक लावणारा कुठलाही शेतकरी सांगेल. रक्षा पाण्यात उभ्यानं तरंगत त्याच्याकडे पाहत राहायची, आणि मग मान वळवून परत पोहायला लागायची.

तिसऱ्या आठवड्यात तर वासुदेवरावाला झोप येईना, इतका तो खूश होता. पाणी खाली गेल्यामुळे रक्षाला बाहेर काढायला आता जास्त वेळ लागत होता. ती एका हातानं दोर धरायची, एका गुडघ्यानं पन्नीवर रेटायची, शेवाळानं घसरायची. वासुदेवराव वरून ओढायचा, तेव्हा त्याच्या कमरेत कळ जायची. पण आकडा मात्र उतरतच होता. तो बसस्टँडवरच्या कवडूच्या चहाच्या टपरीवर जाऊन सांगायचा, आणि ऐकणारे ऐकायचे. तिथं बसणाऱ्यांना पोहण्यातलं काही कळत नव्हतं, पण सेकंद कमी होणं म्हणजे चांगलं एवढं कळत होतं.

"काका, एवढ्या वयात पोरगी वाढूनच राह्यली म्हणता?" कवडू कप विसळत म्हणाला.

"वाढून राह्यली म्हणजे? सोळा वर्षांच्या पोट्ट्या तिच्या मांगं राह्यतीन!"

"मंग तुरीचं काय? मोठ्या काकाची तूर तं हिरवीगार दिसते. तुमची..."

"तुरीचं माहं मी पाह्यतो," वासुदेवराव म्हणाला आणि बशीतला चहा एका घोटात संपवून उठला. उठताना त्याच्या मनात आलं, जळतात लेकाचे. पण वावराच्या वाटेनं जाताना त्यानं आपल्या तुरीकडे पाहायचं टाळलं. पाहिलं असतं तर दिसलं असतं, की दुपारी पानं खाली मान घालून उभी राहतात आणि संध्याकाळीसुद्धा आता वर उठत नाहीत.

जयवंताला मात्र ते दिसत होतं. ती दिवसभर त्याच तुरीच्या तासांच्या, ओळींच्या बाजूनं कापूस वेचत होती. एका संध्याकाळी तिनं ओटी सोडली, कापूस पोत्यात भरला आणि नवऱ्याजवळ येऊन बसली.

"ऐकता का? पाण्याची एक पाळी देऊ. एकच. खालचे तास तरी वाचतीन."

"ट्रायल झाली की."

"तवापर्यंत फूल राह्यते का?"

"तू तूर-तूर करून नको राहू व. पोरीचं एवढं मोठं काम चाललं हाये."

"पोरगी काय म्हणते ते विचारलं का तिले?"

"तिले काय विचाराचं? तिचं आयुष्यच हाये ते!"

जयवंता उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू उठली. "माही कंबर गेली, तुमची कंबर गेली, पोरीचा खांदा गेला," ती म्हणाली. "कोणाचं काय आयुष्य हाये, मले तं काई समजत नाई बाप्पा." आणि पोतं ओढत धुऱ्याकडे निघाली.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. रात्रीपासून आभाळ आलेलं होतं आणि गार वारा सुटला होता. पाऊस नाही, नुसता वारा. पुण्याला निघायला दोन दिवस उरले होते. सकाळी वासुदेवराव आणि रक्षा वावरात आली तेव्हा मोटर चालू होती. वासुदेवरावाला वाटलं दादाची. मग त्यानं पाहिलं, पाइप त्याच्याच वावराच्या पाण्याच्या दांडात पडलेला आहे, आणि तुरीच्या खालच्या तासांत गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून, हातात फावडं घेऊन जयवंता पाणी वळवते आहे. ती अंधारातच उठून आली होती. तुरीचे आठ-दहा तास भिजलेही होते.

वासुदेवराव मोटरीकडे धावला आणि बटण बंद केलं. मग तुरीत शिरला.

"कोणाले विचारून चालू केली?"

जयवंतानं फावडं टेकवलं. शेजारच्या वावरात महादेवरावाच्या वेचणीच्या बाया आल्या होत्या, त्या थांबल्या. महादेवरावही धुऱ्यावर येऊन उभा राहिला.

"दोन दिस राह्यले व! दोनच दिस! तेवढा धीर नाई धरवला तुले? तुह्या बापाचं पाणी हाये का ते?"

बायांपैकी कुणी तोंडाला पदर लावला. महादेवराव म्हणाला, "वासुदेव, पुरे. बायांमंदी..."

"तुम्ही मंधात नका पडू दादा!"

जयवंताचा चेहरा उन्हानं रापलेला, तरी तो लाल झालेला कळत होता. ती पाण्यात उभी होती. पावलं चिखलात रुतलेली. "माह्या बापाचं नाई," ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. "तुरीच्या हिश्श्याचं हाये." आणि फावडं तिथंच चिखलात रोवून ती बांधावर जाऊन पाय धुवायला लागली. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला चार माणसांत असं कधी बोललं नव्हतं. पण राग अजून उतरला नव्हता, म्हणून तो तसाच तळ्याकडे वळला.

रक्षा काठावर बसून होती. खोटा पाय तिनं स्वतःच काढून बाजूला ठेवला होता.

"बाबा, आज राहू द्या."

"काऊन राहू दे? उतर."

"पाणी गंजच खाली गेलं."

"खोल कमी झालं, तळं तं तेवढंच हाये ना? उतर म्हणतो तं!"

रक्षा उतरली. पन्नीवरून बसून घसरत, दोर धरत. वासुदेवरावानं दोऱ्या सोडल्या आणि थैल्या खाली पाण्यापर्यंत सरकवल्या. नळी सरळ करायलाही तो थांबला नाही, इतका घुश्शात होता. घड्याळ लावलं. पोरगी गेली आणि आली, गेली आणि आली. खांदा दर वेळी पाण्यातून वर येताना थोडा अडायचा, त्यालाही आज ते दिसलं. शेवटी तिनं थैलीला हात लावला आणि त्यानं बटण दाबलं.

आकडा पाहून त्याचा सगळा राग धुऊन निघाला. असा आकडा रक्षाच्या उमेदीच्या वर्षांतसुद्धा कधी लागला नव्हता.

"पाह्यलं का व!" तो तुरीकडे तोंड करून ओरडला. "पाह्यलं का दादा! पाणी उपसलं तरी पोरगी वाढूनच राह्यली! आजच्यासारखी कधीच नाई पोहली!"

रक्षा पाण्यात दोर धरून होती. तिनं वर पाहिलं नाही.

वासुदेवराव हसतच खाली उतरला, नळी आवळायला. नळी आज फारच ढिली होती. दुमडली, तरी ढिलीच. पुन्हा दुमडली. हात पसरून मोजली तर चांगली दोन वाव नळी त्याच्या हातात गोळा झाली. तार काढायला त्यानं खिशात हात घातला आणि हात खिशातच राहिला.

नळी गार होती.

रात्रभर वारा होता. सकाळपासून ऊन म्हणून नाही. अशा दिवशी नळी आखडते. आखडायला पाहिजे. मग ही एवढी कुठून वाढली?

तो पन्नीच्या उतारावर तसाच उभा राहिला. पायाखाली उतार. समोरच्या बाजूलाही तसाच उतार, पाण्याकडे आत आत गेलेला. वर काठावर, त्याच्या डोक्याच्याही वर, जिथं दसऱ्याला पाणी होतं तिथं पन्नीवर गाळाची पांढरी रेघ उमटलेली. त्या रेघेपासून समोरच्या रेघेपर्यंत केवढं अंतर, आणि इथं पाण्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत केवढं! एखादं शेंबडं पोर सांगेल. तळं वर रुंद आणि खाली निमुळतं असतं. त्यानं स्वतः जेसीबीवाल्याजवळ उभं राहून हा उतार काढून घेतला होता. माती ढासळू नये म्हणून. "उतार चांगला धरजो बाप्पा," असं दहादा बजावलं होतं त्याला.

पोरगी वाढली नव्हती. तळं लहान होत गेलं होतं.

तो पन्नीवर खालीच बसला. नळी हातातून सुटून पाण्यात गेली. बसस्टँडवरचा कवडू, टपरीवरची माणसं, दादा, तुरीत उभी जयवंता, सगळी एकदम त्याच्या डोळ्यांपुढं आली आणि त्याला आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. त्यानं मारूनही घेतलं. एकदाच, पण चांगलं खणखणीत.

"बाबा!" रक्षा दोर धरून त्याच्याजवळ सरकली.

"तुले माहीत होतं?"

तिनं मान वळवली. केसांतून पाणी गळत होतं.

"सांग ना व. माहीत होतं?"

"आकडा उतराले लागला ना, त्याच आठवड्यात."

"मंग बोलली काऊन नाई?"

"दोन-तीन दिस मीबी खरंच मानलं," रक्षा म्हणाली. "म्हटलं, असन बाप्पा. घरचं पाणी, मायच्या हातचं जेवण. मंग हात मोजले. इकडून तिकडं किती हात मारा लागते, ते तं मले माहीत असतेच ना. हात कमी होऊन राह्यले होते."

"मंग तवा सांगाचं!"

"कसं सांगू? तुम्ही किती दिवसांनी असे हासून राह्यले होते."

"अव, पण तूर सुकली ना! माह्या हातानं सुकवली मी! तुह्या मायले चार बायांमंदी..."

रक्षाचा चेहरा एकदम कडक झाला. "मी पाणी ठेवा म्हणून नव्हतं म्हटलं बाबा. तुम्ही मोठ्या बाबाकडे जाऊन सांगून आले. मी घरातच होती. मले कोणी विचारलं?" मग तिचाच आवाज उतरला. "माही चूक हाये. रोज ठरवून येत होती, आज सांगतो. आणि तुम्ही काठावर उभे राहून ओरडले, की माह्या तोंडून शब्दच निघत नव्हता."

वाऱ्यानं पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. नळी हळूहळू वाहत पलीकडे गेली. वासुदेवराव गुडघ्यांभोवती हात घालून बसला होता. कितीतरी वर्षं त्यानं या पोरीला आकडे विचारले होते. कितवी आली, किती सेकंद, पुढची कोणत्या देशाची. दुसरं काही विचारल्याचं त्याला आठवेना.

"सरांनी काय सांगतलं होतं?" शेवटी त्यानं विचारलं.

"खांदा पाह्यला त्याईनं. म्हटलं, जा घरी, आराम कर, वाटलं तं ट्रायलले ये."

"म्हणजे काई खरं नाई म्हणे?"

"तसं तोंडानं नाई म्हटलं."

"मंग? जाशीन का?"

"जाईन," रक्षा म्हणाली. "जे हाये ते हाये. पण खऱ्या तलावात एकदा पोहून येतो. एकटीच जातो बाबा. तुम्ही तुरीले पाणी सोडा."

बाहेर निघताना नेहमीसारखी ती घसरली. या वेळी वासुदेवरावानं वरून ओढलं नाही. खाली येऊन तिला पाठुंगळी घेतलं, आणि दोघांचं ओझं दोराला लटकवत कसाबसा काठावर आला. काठावर जयवंता खोटा पाय हातात घेऊन उभी होती. पदरानं पुसत होती. तिनं सगळं ऐकलं असावं. तो तिच्याजवळ गेला. मग एकदाचं म्हणाला, "मोटर चालू करतो. तू वर बस. पाणी मी वळवतो."

"तुमची कंबर?"

"असू दे."

जयवंता वर बसली नाही. ती गेली आणि चिखलातलं फावडं उपसून पुन्हा दांडाशी उभी राहिली.

रक्षा पुण्याला गेली. वर्धेपर्यंत एस्टीनं, तिथून गाडीनं, पाठीवर पिशवी, सोबत कुणी नाही. वीस वर्षांत वासुदेवराव पहिल्यांदा तिच्या सोबत गेला नाही. तो तुरीत होता. लाईन दिवसा असली की दिवसा, रात्री असली की रात्री. खालचे तास तरारले. मधल्यांनी अर्धा फुलोरा टाकून दिला होता, उरलेला धरला. वरचे तास गेलेच. तिथं पाणी नेऊन उपयोग नव्हता, तरी त्यानं नेलं.

मध्ये चहापत्ती संपली म्हणून तो बसस्टँडवर गेला, तर कवडूनं हटकलंच. "काका, कुठपर्यंत आला आकडा?"

टपरीवर पाच-सहा माणसं होती. वासुदेवरावाला आधी वाटलं, ऐकू न आल्यासारखं करून निघून जावं. मग त्याचाच त्याला कंटाळा आला. "आकडा खोटा होता," तो म्हणाला. "तळं आटून राह्यलं होतं, तं वाट कमी होत होती. माह्या ध्यानातच नाई आलं."

एकाला ते समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर तो खो-खो हसला. मग दुसरा हसला. कवडू मात्र हसला नाही. त्यानं न विचारता चहा पुढं केला आणि वासुदेवरावानं तो उभ्यानंच प्यायला. पाठीमागं हसणं चालू होतं. तो एस्टीच्या फाट्यापर्यंत गेला तरी ऐकू येत होतं.

चाचणीच्या दिवशी तो सकाळपासून वावरातच होता. मोबाईल शर्टाच्या खिशात, ओला होऊ नये म्हणून बियाण्याच्या पिशवीत गुंडाळलेला. जयवंता बांधावर भाकरी सोडून बसली होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा फोन वाजला. त्यानं चिखलाचे हात धोतराला पुसले.

"बाबा," रक्षा म्हणाली. मागं पुष्कळ माणसांचा गलका होता, कुणीतरी शिटी वाजवत होतं. "झालं."

"हं."

"नाई आली मी. चौथी. पह्यल्या तिन्ही पोट्ट्या लहान हायेत. एक तं साऱ्याईच्या पुढं, एकटीच."

त्याच्या ओठांवर आलं होतं, किती सेकंद? जन्माची सवय. त्यानं ते गिळलं. जयवंता घास हातात घेऊन त्याच्याकडे पाहत होती. दांडातलं पाणी फुटून भलत्याच तासात चाललं होतं.

"थकली का व माय?" त्यानं विचारलं.

गलका तेवढा ऐकू येत होता. त्याला वाटलं फोन कटला. मग तिचा श्वास ऐकू आला, तुटक तुटक, आणि मग ती रडायला लागली. लहानपणी विहिरीत नाकातोंडात पाणी गेलं तेव्हा रडली नव्हती, फाट्यावर पोरांनी नक्कल केली तेव्हा रडली नव्हती, ती आता बापाच्या कानाशी हमसून हमसून रडत होती.

"हो बाबा," ती म्हणाली. "लय थकली. लय दिवसांची."

"मंग ये घरी," वासुदेवराव म्हणाला. "ये, झोप. कोणी उठवणार नाई तुले."

त्यानं फोन पिशवीत गुंडाळून खिशात ठेवला. जयवंतानं विचारलं, "काय म्हणे?"

"येऊन राह्यली," तो म्हणाला, आणि डोळे पुसायला वाकल्यासारखं करून फावडं उचललं.